तुकड्यांची गोधडी : कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

घरच्या शिवणकामातून उरलेले आणि जुन्या कपड्यांतून निघालेले सुती तुकडे यंदा एका पूर्ण मापाच्या गोधडीत आणायचे ठरवले आहे. एक अट पहिल्याच दिवशी लिहून ठेवते : या कामासाठी वेगळे दिवस राखून ठेवायचे नाहीत. मुलांचे अभ्यास, धुणी, आजारपणे, पाहुणे हे सगळे जसे चालते तसे चालू राहील आणि त्याच्या मधल्या फटींत बसेल इतक्या लहान भागांत मी हे काम वाटून घेईन. हाक आली तर हातातले काम कुठे थांबवायचे, हे प्रत्येक टप्प्यावर आधीच ठरलेले असले तर असे काम रेंगाळत नाही, अशी माझी समजूत आहे. ती या गोधडीवर तपासून पाहायची आहे.

आज केवळ निवड केली. शर्ट, फ्रॉक, उशांचे अभ्रे, पायजमे आणि पडद्यांच्या कापून उरलेल्या पट्ट्या हे सगळे एकत्र ओतले आणि त्यातून आधी होजिअरीचे कापड बाजूला काढले, कारण ते ताणते आणि न ताणणाऱ्या सुती चौकोनाशेजारी शिवले की दोघांचाही आकार बिघडतो. जीन्सचे तुकडेही जाडीमुळे वगळले. जिथे कापड सुती आहे की मिश्र, हे हाताला कळेना, तिथे एक धागा चिमट्यात धरून मोरीत जाळून पाहिला. सुती धागा जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटाने चुरता येईल अशी मऊ राख उरते. पॉलिस्टर असेल तर धागा आकसत वितळतो आणि टोकाशी कडक मणी तयार होतो. असे कापड कडक इस्त्री सोसणार नाही, म्हणून तेही बाहेर गेले.

त्यानंतर प्रत्येक कापड खिडकीशी उजेडासमोर धरले. शर्टाची कॉलर आणि कोपरांजवळचा भाग वरून धड दिसला तरी उजेडात जाळीसारखा विरलेला दिसतो, पाठीचा भाग मात्र बहुतेक वेळा भक्कम असतो. लाल आणि गडद निळे तुकडे ओले करून पांढऱ्या रुमालात दाबून ठेवले आहेत.

१९ जानेवारी २०२५

रुमालावर एका लाल कापडाचा रंग उतरला. दोनदा धुऊनही तो थांबला नाही, म्हणून ते वगळले. बाकी सगळी कापडे धुऊन, वाळवून, इस्त्री करून झाली. सुती कापड पहिल्या धुण्यांत आटते आणि प्रत्येक कापड वेगळ्या प्रमाणात आटते, त्यामुळे हे आटणे कापण्याआधीच होऊन जाणे इष्ट असते.

आखणी जाणूनबुजून साधी ठेवली आहे. एक गडद चौकोन, एक फिका चौकोन, असा बुद्धिबळाच्या पटासारखा मांड. प्रत्येक चौकोन अडीच इंचांचा कापायचा. चारही बाजूंनी पाव इंच माया, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेली कड, शिवणीत गेली की तयार चौकोन दोन इंचांचा उरतो. असे नऊ चौकोन जोडले की सहा इंचांची एक चौकट होते. गोधडी ६० इंच रुंद आणि ७२ इंच लांब हवी आहे, म्हणजे आडव्या १० आणि उभ्या १२ अशा १२० चौकटी लागतील आणि त्यांत १०८० चौकोन लागतील, निम्मे गडद आणि निम्मे फिके. अर्ध्या चौकटींत पाच गडद आणि चार फिके चौकोन येतील, उरलेल्या अर्ध्यांत नेमके उलटे.

आकडा मोठा वाटतो, पण अडीच इंच रुंद आणि दहा इंच लांब पट्टीतून चार चौकोन निघतात आणि एका शर्टाच्या पाठीतून अशा कितीतरी पट्ट्या मिळतात. लहान चौकोन घेण्यामागे दुसरेही कारण आहे. मोठ्या आकृतीचे नमुने सुरेख असतात, पण त्यांना मोठे, अखंड तुकडे लागतात आणि मग माणूस तुकड्यांच्या नावाखाली नवे कापड आणू लागतो. घरात जे आहे त्याच्या मापाने नमुना ठरवणे मला अधिक रास्त वाटते.

२ फेब्रुवारी २०२५

कापायला सुरुवात केली. हे काम रात्री, मुले झोपल्यावरच करते, कारण गोल पात्याच्या कटरची धार फार तीक्ष्ण असते आणि मध्येच उठावे लागले तर पाते उघडे राहण्याचा धोका असतो. हा कटर १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने आणला. त्याआधी पुठ्ठ्याचा नमुना कापडावर ठेवून, कडेने रेघ मारून, कातरीने एकेक तुकडा कापावा लागे. आजही ज्यांच्याकडे कटर नसेल त्यांनी तसेच करावे, केवळ पुठ्ठ्याच्या कडा झिजल्या की नवा नमुना कापून घ्यावा, नाही तर चौकोन नकळत मोठे होत जातात.

कापताना धाग्याची दिशा पाहणे सर्वांत महत्त्वाचे. कापडाचे उभे धागे सर्वांत कमी ताणतात, आडवे किंचित ताणतात आणि तिरक्या दिशेने ओढले तर कापड बोटांमागे वाहत येते. चौकोनाच्या बाजू धाग्याला समांतर असल्या तरच तो चौकोन राहतो. जुन्या कपड्यांत ही दिशा पटकन दिसत नाही, कारण बाहीची कड तिरकी असते आणि फ्रॉकचा घेर गोल. अशा वेळी मी कडेचा एक धागा सुईने उचलून हळूच ओढते. कापडात एक बारीक, चुणीदार रेघ उमटते आणि तिलाच पट्टी लावून पहिली कड कापते.

थांबण्याची जागा इथे सोपी आहे. एका कापडाचे चौकोन कापून झाले की ते दोऱ्याने बांधायचे आणि पाते बंद करायचे.

९ फेब्रुवारी २०२५

दोन डबे केले आहेत, एक गडद आणि एक फिका. ही वाटणी रंगावरून केलेली नाही. पिवळा आणि आकाशी हे दोन अगदी वेगळे रंग असले तरी दोन्ही फिकेच असतात आणि शेजारी बसवले तर लांबून एकमेकांत मिसळून जातात. शंका आली की फोनवर काळा-पांढरा फोटो काढते. फोटोत रंग निघून जातो आणि केवळ उजळपणा उरतो.

काही कापडे कुठल्याच डब्यात बसत नाहीत. गडदांमध्ये ती फिकी दिसतात आणि फिक्यांमध्ये गडद. मी त्यांना दोन्ही डब्यांत थोडे थोडे वाटून टाकले आहे. त्यांच्यामुळे पटाच्या रेघा कुठे कुठे पुसट होतील आणि नजर तिथे थोडी अधिक रेंगाळेल. नव्या कापडाच्या नेटक्या गोधडीत ही गंमत सहसा सापडत नाही.

२३ फेब्रुवारी २०२५

जोडणी सुरू झाली आणि या साऱ्या कामाचा कणा ठरलेली पद्धत आता हाताला बसली आहे, म्हणून ती सविस्तर लिहिते.

मशीनवर टीप सुरू करताना दोऱ्यांची टोके कापडासकट खाली ओढली जाऊन गुंता होतो. लहान तुकड्यांच्या बाबतीत तर कोपराच आत खेचला जातो. म्हणून सुरुवातीला एखादी चिंधी सुईखाली घालून तिच्यावर दोन टाके घ्यावेत आणि मग खरे कापड सरकवावे, अशी जुनी रीत आहे. त्या चिंधीच्या जागी मी गोधडीच्या चौकोनांची एक जोडी घालते. मुलाच्या गणवेशाची उसवलेली कड शिवायची असेल तर आधी एक गडद आणि एक फिका चौकोन जोडला जातो, त्याच्यामागून दोरा न तोडता गणवेशाची कड जाते आणि ती संपली की लगेच आणखी एक जोडी. मग गणवेश मागून कापून मोकळा करायचा आणि शेवटची जोडी सुईखाली तशीच राहू द्यायची. पुढच्या वेळी मशीनवर बसले की सुरुवात तिच्यापासूनच होते.

अशा रीतीने उशीचा अभ्रा, फाटलेला खिसा, पडद्याची दुमड अशा घरच्या कामांच्या मागेपुढे गोधडी वाढते आहे आणि तिच्यासाठी वेगळा वेळ काढावा लागलेला नाही. दोराही वाया जात नाही. दोऱ्याचा रंग घरच्या कपड्याप्रमाणे बदलतो, पण त्याने बिघडत नाही. शिवणीची माया गडद कापडाकडे झुकवून इस्त्री केली की कुठलाही दोरा फिक्या कापडातून डोकावत नाही. टाका मात्र दोन मिलिमीटरांचा, नेहमीपेक्षा बारीक ठेवला आहे, कारण या जोड्यांना दोन्ही टोकांना उलटी टीप नसते आणि बारीक टाका सहजासहजी सुटत नाही.

पाव इंचाच्या मायेबाबत मी काटेकोर आहे. मशीनच्या पाट्यावर सुईपासून पाव इंच मोजून जाड चिकटपट्टी लावली आहे आणि कापडाची कड तिला घासत जाते. माया एक सोळांश इंचाने जास्त गेली तर प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजू मिळून एक अष्टमांश इंच कमी होतो. रुंदीत २९ शिवणी आहेत, म्हणजे साडेतीन इंचांहून अधिक रुंदी नाहीशी होईल. आणि हे नुकसान सगळीकडे सारखे झाले नाही तर कोपरे कोपऱ्यांना भेटणार नाहीत.

१६ मार्च २०२५

धाकटीला ताप. मशीन झाकलेले. तिच्या उशाशी बसून जोड्यांच्या माळेतले दोरे कातरले आणि जोड्या मोजून दहा-दहाच्या गड्ड्या केल्या.

६ एप्रिल २०२५

आवश्यक ३६० जोड्या पूर्ण झाल्या आणि प्रत्येक जोडीला तिसरा चौकोन लावून तिपेडी पट्ट्याही होत आल्या आहेत. आता त्यांच्या चौकटी करायच्या.

इथे इस्त्रीला शिवणीइतकेच महत्त्व आहे. माया नेहमी गडद चौकोनाकडे झुकवली की गडद-फिका-गडद या पट्टीत ती बाहेरच्या बाजूंना वळते आणि फिका-गडद-फिका या पट्टीत आतल्या बाजूला. या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या की दोन शिवणींचे उंचवटे विरुद्ध बाजूंना असल्यामुळे एकमेकांत अडकून बसतात. बोटाच्या पेराने चाचपले की कापड जागेवर बसल्याचे स्पष्ट जाणवते आणि मग टाचणी लावली नाही तरी कोपरा हलत नाही. चौकटीतल्या आडव्या शिवणींची माया पाच गडद असलेल्या चौकटींत मध्याकडून बाहेर, तर दुसऱ्या प्रकारात मध्याकडे झुकवते आहे, म्हणजे पुढे चौकटी शेजारी जोडतानाही तोच लाभ मिळेल.

इस्त्री घासायची नाही, उचलून ठेवायची. घासली तर चौकोन तिरका ताणला जातो. मोठा मुलगा हे काम आवडीने करतो आणि मायेची बाजू माझ्यापेक्षा जास्त लक्षपूर्वक पाहतो.

२० एप्रिल २०२५

चौकटी पलंगावर मांडल्या. इतका वेळ गड्ड्यांत बांधलेले कापड एकदम पसरले आणि घरातले प्रत्येक माणूस त्यात स्वतःचे काही शोधू लागले. धाकटीने आपल्या पहिल्या फ्रॉकचा ठिपक्यांचा तुकडा ओळखला आणि तो कुठे कुठे आहे ते बोट ठेवून मोजत बसली. सासूबाई एका करड्या चौकोनाशी थबकल्या. "हा ह्यांच्या शर्टाचा ना गं?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "हो आई, तुम्ही जपून ठेवलेल्या शर्टाचा. त्याचे चौकोन मधल्या भागात लावू का?" त्यांनी स्वतःच तीन चौकटी उचलून मध्यावर ठेवल्या.

त्या शर्टाचा खिसा उसवला तेव्हा खाली कापडाचा मूळ रंग तसाच राहिलेला सापडला होता. बाकी शर्ट उन्हाने आणि धुण्याने विटला, खिशाखालचा भाग तेवढा गडद राहिला. तो भाग मी मुद्दाम दोन चौकोनांत कापला, म्हणजे एकाच चौकोनात विटलेला आणि न विटलेला रंग अशी सरळ सीमारेषा दिसते. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या कपड्यांपासून शिवलेल्या गोधड्या प्रसिद्ध आहेत. तिथल्या मिझुरी पेटवे यांनी पती गेल्यावर १९४२ मध्ये त्यांच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली होती. त्या वस्तीतल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. अंगावर वापरून विटलेल्या कापडाला एक खोली असते आणि ती नव्या कापडाला रंगवून आणता येत नाही, हे मला त्या गोधड्यांची छायाचित्रे पाहून पटले होते. आज ते हातात धरून पाहिले.

मांडणीत एकच नियम पाळला : एकाच कापडाचे दोन चौकोन एकमेकांना लागून येऊ नयेत. फोटो काढून, प्रत्येक ओळीवर क्रमांकाची चिठ्ठी टाचून पलंग मोकळा केला.

११ मे २०२५

वरचा थर तयार झाला. माप ६० बाय ७२ इंचांच्या अगदी जवळ भरले.

तीन थर एकत्र आणणे हा या कामातला एकमेव टप्पा असा आहे की तो अर्ध्यावर सोडता येत नाही. म्हणून त्यासाठी सगळे घरी असलेली सकाळ निवडली आणि सगळ्यांनाच कामाला लावले. खाली अस्तर, उलटी बाजू वर करून. दोन जुन्या चादरींचे धड भाग जोडून ते ६८ बाय ८० इंचांचे केले आहे, कारण शिवताना थर सरकतात आणि चारही बाजूंना चार-चार इंच जास्तीचे असावे लागतात. ते फरशीवर ताणून कडांना चिकटपट्टी लावली. ताण इतकाच ठेवला की सुरकुती राहू नये. त्यावर बॅटिंग म्हणून मिळणारा कापसाचा पातळ थर आणि त्यावर चौकोनांचा थर.

पिनांऐवजी कच्चा दोरा घातला. मुठीएवढ्या अंतरावर, मध्यापासून कडांकडे, लांब लांब टाके. पुढचे काम हातशिलाईचे आहे आणि ही गोधडी अनेक वेळा घडी होईल, उलगडली जाईल, मुलांच्या हाताखाली येईल. पिना अशा वेळी टोचतात आणि त्यांच्यात दोरा अडकतो, कच्चा दोरा निमूट जागेवर राहतो.

१५ जून २०२५

धावदोरा चालू आहे. बुद्धिबळाच्या पटाचा एक फायदा असा की कोणताही कर्ण धरला तर तो आरंभापासून शेवटपर्यंत एकाच छटेच्या चौकोनांतून जातो. मी फक्त फिक्या चौकोनांचे कर्ण शिवते आहे, गडद निळ्या दोऱ्याने. दोन ओळींमधले अंतर त्यामुळे सुमारे २.८ इंच येते, म्हणजे बॅटिंगच्या पाकिटावर सांगितलेल्या मर्यादेच्या बरेच आत. कापडावर काहीच आखावे लागत नाही. सुई एका कोपऱ्यातून निघते आणि समोरच्या कोपऱ्याकडे पाहत जाते.

टाक्याची कृती लिहून ठेवते. दोऱ्याच्या टोकाला लहान गाठ मारायची, सुई ओळीपासून इंचभर अंतरावर वरच्या थरात घालून ओळीवर काढायची आणि दोरा हलकेच हिसका देऊन ओढायचा, म्हणजे गाठ वरच्या थरातून पार होऊन कापसात जाऊन बसते. मग सुई जवळजवळ उभी खाली न्यायची. खालच्या हाताचे बोट अस्तराला लागून असते. सुईचे टोक त्याला जेमतेम लागले की ते बोट कापड वर ढकलते आणि मधल्या बोटातले अंगुस्तान सुईची मागची बाजू खाली दाबते. सुई झोपते, टोक वर येते, पुन्हा उभी होते. तीन-चार टाके सुईवर जमले की एकदम ओढायचे. जाड दोऱ्याने इंचात पाच-सहा टाके पडतात आणि ते सारखे पडणे बारीक पडण्यापेक्षा महत्त्वाचे. बंगालच्या कांथा या गोधडीत आणि जपानच्या साशिको या शिवणकामातही हाच साधा धावदोरा आहे. झिजलेल्या कापडांचे थर एकत्र बांधायला जगभर तो पुरेसा ठरला आहे.

या टप्प्यात थांबण्याची जागा म्हणजे एका चौकोनाचा कोपरा. मूल वाचून दाखवत असते, फोनवर बहिणीशी बोलणे चालू असते, कुणाची वाट पाहायची असते, अशा सगळ्या वेळी मांडीवर गोधडी असते. कामाच्या सगळ्या टप्प्यांत मला हाच सर्वाधिक प्रिय आहे, कारण इथे घरातली माणसे आपोआप जवळ येऊन बसतात. धाकटी गोधडीच्या न शिवलेल्या टोकाखाली पाय घालून तिथेच अभ्यास करते. सासूबाई सुया ओवून पिनकुशनवर ओळीने लावून ठेवतात. बारीक नेढे त्यांना दिसत नाही, म्हणून मोठ्या नेढ्याच्या सुया आणल्या आहेत आणि त्याने टाक्यात फरक पडलेला नाही.

शिवताना मध्यापासूनच बाहेर जाते. कडेपासून सुरुवात केली तर सगळी सुरकुती मध्यावर गोळा होते आणि तिला बाहेर पडायला वाट उरत नाही.

२७ जुलै २०२५

कर्ण संपले. कडा सरळ कापून गोट, म्हणजे कडा झाकणारी पट्टी, लावायला घेतला. परीघ २६४ इंच आहे आणि कोपरे वळवण्यासाठी व शेवटच्या जोडासाठी धरून साधारण २७६ इंच लांबीची पट्टी लागेल. अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या तिरक्या जोडल्या की प्रत्येक जोडात अडीच इंच लांबी खर्ची पडते. त्यामुळे वीस इंचांच्या तुकड्यातून साडेसतरा इंच मिळतात, पण सहा इंचांच्या तुकड्यातून जेमतेम साडेतीन. फुटापेक्षा लहान तुकडे गोटासाठी घेतले नाहीत. जोड तिरकाच हवा, कारण सरळ जोडात कापडाचे सगळे पदर एका जागी येतात आणि तिथे गाठीसारखा जाडपणा राहतो.

पट्टी लांबीत दुमडून, पुढच्या बाजूने मशीनवर शिवली. मागची बाजू हाताने हेम करते आहे. कडेला सर्वांत जास्त झीज होते, म्हणून दुहेरी कापडाचा गोट मला आवश्यक वाटतो, एकेरीवर मी विश्वास ठेवत नाही.

१० ऑगस्ट २०२५

कच्चे दोरे काढले आणि गोधडी गार पाण्यात धुतली. सोबत एक पांढरे फडके टाकले होते, ते पांढरेच निघाले. आडवी पसरून वाळवल्यावर पुन्हा मापली : रुंदी सुमारे ५८ इंच, लांबी ७० च्या आत. कापसाचा थर धुण्यात तीन ते पाच टक्के आटतो आणि कापड मात्र आधीच आटलेले होते, त्यामुळे टाक्यांमधले प्रत्येक चौकोन किंचित फुगून आले आहेत. गोधडीला हवा असलेला मऊपणा आणि वजन आता आले.

मागच्या बाजूच्या एका कोपऱ्यात कापडाची चिठ्ठी शिवली आहे. तिच्यावर वर्ष आणि ज्यांचे कपडे यात आहेत त्या सगळ्यांची नावे धाग्याने काढली आहेत. सासूबाईंनी त्यातले एक नाव स्वतः काढले.

वापरातल्या गोधडीचे काही चौकोन इतरांच्या आधी विरणार, हे धरूनच चालले पाहिजे. म्हणून प्रत्येक कापडाचा तीन इंचांचा एक तुकडा वेगळ्या पिशवीत ठेवला आहे आणि त्या पिशवीला प्रत्येक धुण्यासोबत गोधडीबरोबरच धुवायचे आहे, म्हणजे ठिगळाचा रंग गोधडीइतकाच विटत राहील. विरलेल्या चौकोनावर हा तुकडा कडा आत दुमडून बसवता येईल, खालचे काही उसवावे लागणार नाही. पिशवी कपाटात गोधडीच्या घडीतच ठेवली आहे आणि मोठ्या मुलाला ती जागा दाखवून ठेवली आहे.